मोबाईल कव्हरची छपाई : यंत्र घेण्यापूर्वी

सोलापूरच्या नवी पेठेत सायंकाळी फेरफटका मारला, तर मोबाईलच्या दुकानांतील भिंतीच्या भिंती कव्हरांनी झाकलेल्या दिसतात. एकेकाळी ग्राहक त्या भिंतीकडे बोट दाखवून कव्हर निवडीत असे. आता तो आपल्याच मोबाईलमधील छायाचित्र पुढे करतो. कोणाला नातवंडाचा हसरा चेहरा हवा असतो, कोणाला लग्नाची तारीख, कोणाला गड्डा यात्रेतील नंदीध्वज, तर कोणाला आपल्या दुकानाचे नाव. ‘हे छापून मिळेल का?’ हा त्याचा प्रश्न असतो, आणि तो ऐकताच अनेक दुकानदारांच्या मनात छपाईचे यंत्र घेण्याचा विचार डोकावतो.

असे एखादे कुटुंब नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणावे. वडिलांचे मोबाईलच्या सुट्या वस्तूंचे छोटे दुकान. मुलगा गल्ल्यावर बसतो. सून संगणकावर उत्तम आरेखन करते. घरात चार लाख रुपये साठले आहेत, पण ते धाकट्या मुलीच्या उच्च शिक्षणासाठी राखून ठेवलेले आहेत. यंत्र विक्रेता म्हणतो, ‘एकदाच मोठे यंत्र घ्या, मग पाहायला नको.’ वडील म्हणतात, ‘हात पाहून पाय पसरावेत.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र निर्णय करण्यासाठी यंत्राच्या माहितीपत्रकाबरोबरच आणखी काही गोष्टींचा हिशेब मांडावा लागतो.

छपाईच्या तीन वाटा

पहिली वाट सब्लिमेशनची. शाळेच्या विज्ञानात ज्याला संप्लवन म्हणतात, तीच ही क्रिया. विशिष्ट शाईने कागदावर उलटी प्रतिमा छापली जाते. तो कागद कव्हरच्या पृष्ठभागावर ठेवून हीट प्रेसमध्ये साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस उष्णता दिली, की शाईतील रंग वायुरूप होऊन पृष्ठभागावरील पॉलिस्टरच्या लेपात शिरतो. रंग वर न बसता लेपाच्या आत मुरत असल्याने तो नखाने सहजी खरवडला जात नाही. कागदावर ही प्रतिमा फिकी आणि मळकट दिसते. उष्णता मिळाल्यावरच रंग खुलतात. नवशिक्याने ते पाहून घाबरून जाऊ नये.

यातही दोन प्रकार आहेत. साध्या प्रकारात लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर छपाई करून तो पत्रा कव्हरच्या पाठीवर चिकटवतात. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण कव्हरच लेपयुक्त कठीण प्लॅस्टिकचे असते. त्यावर निर्वात यंत्रात, धातूच्या साच्यावर चढवून, कडांसकट छपाई होते. पहिला प्रकार स्वस्त आणि सोपा आहे, पण पाठीवरील पत्र्यामुळे बिनतारी चार्जिंगला अडथळा येतो. महागडा मोबाईल बाळगणारा ग्राहक त्याबद्दल तक्रार करू शकतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक मॉडेलसाठी निराळा साचा विकत घ्यावा लागतो. दोन्ही प्रकारांना लागू असलेली मर्यादा अशी, की पृष्ठभाग पांढरा किंवा अगदी फिकट असला पाहिजे. या शाईत पांढरा रंग नसतो. बाजारात सर्वत्र मिळणारे मऊ, पारदर्शक कव्हर तर ही उष्णता सोसूच शकत नाही.

दुसरी वाट यूव्ही छपाईची. येथे यंत्र थेट कव्हरवर शाईचे सूक्ष्म थेंब सोडते आणि अतिनील किरणांचा दिवा ती शाई क्षणार्धात घट्ट करतो. आधी पांढऱ्या शाईचा थर देता येत असल्याने काळ्या किंवा पारदर्शक कव्हरवरही रंग उठून दिसतात. थरावर थर देऊन हाताला जाणवणारी उठावदार अक्षरेही काढता येतात. मात्र शाई पृष्ठभागावर बसते, आत मुरत नाही. म्हणून मऊ प्लॅस्टिक, काच किंवा धातू यांवर छपाईपूर्वी प्रायमर लावावा लागतो. तो टाळला, की काही आठवड्यांत पापुद्रे सुटतात आणि ग्राहक कव्हर परत घेऊन येतो.

तिसरी वाट यूव्ही डीटीएफ फिल्मची. एका फिल्मवर चित्र छापून दुसऱ्या फिल्मच्या साहाय्याने ते कव्हरवर उतरवतात. कठीण आणि गुळगुळीत कव्हरवर ते चांगले बसते. वारंवार वाकणाऱ्या मऊ कव्हरवर कडा उचलल्या जाण्याचा धोका असतो. या वाटेचा मोठा गुण म्हणजे यंत्र स्वतःकडे असण्याची गरज नाही. छापलेली फिल्म बाहेरून मीटरच्या दराने करून घेता येते. 30 सेंटीमीटर रुंद आणि एक मीटर लांब फिल्मवर नीट मांडणी केली, तर सर्वसाधारण आकाराच्या कव्हरांची 20 ते 24 चित्रे बसतात.

कोऱ्या मालाचे ओझे

सोलापूरला नक्षीचा हिशेब नवा नाही. येथील चादरीची नक्षी जॅकार्डच्या छिद्रांकित पत्त्यांवर उतरवली जात असे. नवी नक्षी म्हणजे पत्त्यांचा नवा संच, आणि नवा संच म्हणजे नवा खर्च. त्यामुळे एकदा चाललेली नक्षी पुन्हा पुन्हा विणण्यातच विणकराचे हित असे. संगणकीय छपाईने हा खर्च जवळजवळ पुसून टाकला आहे. शंभर कव्हरांवर शंभर निराळी चित्रे छापली, तरी यंत्राच्या दृष्टीने काम तेवढेच राहते.

मात्र हा खर्च नाहीसा झाला नाही. त्याने जागा बदलली. पूर्वी तो नक्षीत होता, आता तो कोऱ्या कव्हरांत आहे. प्रत्येक मोबाईलच्या कॅमेऱ्याची जागा, बटणे आणि कडा वेगळ्या असतात. एका कंपनीच्या एका वर्षातील मॉडेलचे कव्हर पुढच्या वर्षीच्या मॉडेलला बसत नाही. सब्लिमेशन करणाऱ्याने केवळ 40 मॉडेल ठेवायचे ठरवले, प्रत्येकी काळ्या आणि पांढऱ्या चौकटीची पाच-पाच कव्हरे घेतली, तर 400 नग होतात. एक नग 40 रुपयांचा धरला, तर 16,000 रुपये कपाटात पडून राहतात. त्यातील काही मॉडेल विस्मरणात गेले, की तेवढा माल मातीमोल होतो.

यूव्ही यंत्र हे ओझे बरेच हलके करते. दुकानात विक्रीसाठी असलेले साधे कव्हरच छपाईलाही चालते. छापले नाही, तर ते तसेच विकता येते. ज्या कुटुंबाचे आधीपासून कव्हरांचे दुकान आहे, त्याला हा लाभ अधिक. नव्याने घरून व्यवसाय सुरू करणाऱ्याला तो तेवढा मिळत नाही. म्हणूनच दोन घरांना एकच यंत्र योग्य ठरेल असे नाही.

रोजच्या कामावर ठरणारी किंमत

विक्रेत्याच्या कोटेशनवर छापलेली रक्कम ही यंत्राची अर्धीच किंमत असते. उरलेली अर्धी रोजच्या कामावर ठरते. सोयीसाठी आकडे गृहीत धरू. समजा, यूव्ही यंत्र आणि त्यासोबतची साधने मिळून 3,60,000 रुपये लागले आणि त्यांचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले. वर्षाचे 300 कामाचे दिवस मोजले, तर दिवसाचा घसारा 400 रुपये होतो. दिवसाला चारच कव्हरे छापली गेली, तर प्रत्येक कव्हरवर 100 रुपयांचा भार पडतो. 40 छापली गेली, तर तो 10 रुपयांवर येतो. याउलट, प्रिंटर आणि हीट प्रेसचा संच 36,000 रुपयांना मिळाला असे समजले, तर दिवसाचा घसारा 40 रुपये होतो. तेथे चार कव्हरांतच प्रत्येकी 10 रुपयांचा भार गाठला जातो.

शाई, कोरे कव्हर, वीज, मजुरी, बिघडलेले नग हे सारे यानंतर मोजायचे. पण एवढ्यावरूनही एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र किती वेगाने छापते, हा प्रश्न दुसरा. रोज खात्रीची मागणी किती आहे, हा पहिला. विक्रेता तासाला किती कव्हरे निघतात ते सांगतो. दिवसाला किती ग्राहक येतील, ते दुकानदारालाच शोधावे लागते.

यूव्ही यंत्राचा आणखी एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. त्याला विश्रांती मानवत नाही. पांढऱ्या शाईतील रंगद्रव्य जड असते आणि तळाशी बसते. यंत्र काही दिवस बंद राहिले, की प्रिंट हेडची केसाहून बारीक छिद्रे बुजू लागतात. प्रिंट हेड हा यंत्राचा सर्वांत महागडा भाग. तो बदलण्याची वेळ आली, तर काही महिन्यांचा नफा त्यातच जातो. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस दुकान बंद ठेवणाऱ्या किंवा दिवाळीनंतर आठवडाभर यात्रेला जाणाऱ्या कुटुंबाने हा प्रश्न आधीच सोडवला पाहिजे. शाई ढवळणे, हेड स्वच्छ करणे, चाचणीचा एक कागद किंवा तुकडा छापणे, हे काम त्या दिवसांत कोण करणार? कोणीच नसेल, तर दीर्घकाळ बंद ठेवण्यापूर्वी हेड धुऊन विशिष्ट द्रवात सुरक्षित ठेवण्याची रीत विक्रेत्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. सब्लिमेशनचा प्रिंटरही फार काळ बंद ठेवणे इष्ट नाही, पण त्याचे नुकसान तुलनेने सोसण्याजोगे असते. हीट प्रेस मात्र महिनाभर झाकून ठेवली, तरी तक्रार करीत नाही.

सोलापूरचे ऊन, वीज आणि घर

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो. यूव्ही शाई आणि प्रिंट हेड यांना साधारण 20 ते 30 अंशांचे तापमान आणि मध्यम आर्द्रता लागते. कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते. तिच्यामुळे धूळ चिकटते आणि शाईचे थेंब भरकटून कडा पिसारल्यासारख्या दिसतात. खिडकीतून येणारे ऊन थेट हेडवर पडले, तर त्यातील अतिनील किरणांनी शाई तेथेच घट्ट होऊ शकते. म्हणजे यूव्ही यंत्राच्या किमतीत वातानुकूलित, धूळमुक्त आणि सावलीतील खोलीचा खर्चही मिळवावा लागतो. पावसाळ्यात सब्लिमेशनचा कागद ओल धरतो आणि चित्र पसरते. तो बंद पिशवीत ठेवणे, तसेच कोरा पत्रा आधी काही क्षण तापवून ओल घालवणे, एवढी काळजी पुरते.

विजेचेही तसेच. छपाई सुरू असताना वीज गेली, तर यूव्ही यंत्राचे हेड आपल्या झाकणाकडे परत जाऊ शकत नाही आणि उघड्यावर वाळू लागते. त्यासाठी यूपीएस आणि योग्य अर्थिंग आवश्यक ठरते. हीट प्रेसला वीज जास्त लागते, पण ती मध्येच गेली तर फार तर एक कव्हर वाया जाते.

घरात यंत्र ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी आरोग्याचा विचार सर्वांत महत्त्वाचा. घट्ट न झालेली यूव्ही शाई त्वचेला लागली, तर त्वचेचा दाह आणि कायमची ॲलर्जी उद्भवू शकते. हातमोजे घालणे, दिव्याकडे थेट न पाहणे आणि हवा बाहेर टाकणारा पंखा बसवणे अनिवार्य आहे. हे यंत्र स्वयंपाकघराशेजारी किंवा लहान मुले खेळतात त्या खोलीत ठेवू नये. हीट प्रेसवरही वाफ आणि वास येतो, आणि तिचा तप्त पत्रा क्षणात हात भाजू शकतो. मुलांचा हात पोहोचणार नाही अशीच तिची जागा हवी. उरलेली शाई आणि ती पुसलेली फडकी गटारात न टाकता वेगळी साठवून योग्य रीतीने विल्हेवाट लावावी.

काय छापावे, काय छापू नये

यंत्र आले, की प्रत्येक चित्र छापण्याचा मोह होतो. चित्रपटातील दृश्य, प्रसिद्ध व्यंगचित्रातील पात्र, नामांकित कंपनीचे बोधचिन्ह यांवर कोणाचा तरी हक्क असतो. 1957 चा स्वामित्वहक्क कायदा आणि 1999 चा व्यापारचिन्ह कायदा लहान दुकानदाराला सूट देत नाही. ग्राहकाचे स्वतःचे छायाचित्र, त्याच्या परवानगीचे आरेखन, आणि सुनेने स्वतः रेखाटलेल्या नक्षी, हा धंद्याचा सुरक्षित पाया आहे.

जैन कुटुंबांपुढे येथे आणखी दोन प्रश्न उभे राहतात. तीर्थंकरांची प्रतिमा छापून मागणारा ग्राहक बहुधा श्रद्धेनेच ती मागतो. पण मोबाईल मागच्या खिशात जातो, जेवताना ताटाशेजारी ठेवला जातो, हातातून जमिनीवर पडतो. आशातना टळावी म्हणून प्रतिमेऐवजी एखादे मंगलचिन्ह किंवा तीर्थक्षेत्राचे दूरदृश्य सुचवावे की तेही टाळावे, हे प्रत्येक घराने आधीच ठरवून ठेवलेले बरे. ऐनवेळी ग्राहकासमोर वाद घालण्यापेक्षा दुकानाचा नियम म्हणून नम्रपणे सांगणे सोपे जाते. दुसरा प्रश्न कातडी कव्हरांचा. ती न ठेवण्याचा निर्णय केला, तर कोरा माल घेताना ‘लेदर’ या शब्दाचा अर्थ खरे कातडे की कृत्रिम, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

सोबतचे काम

हीट प्रेसच्या बाजूने सोलापुरात आणखी एक मुद्दा आहे. हे शहर गणवेश शिवणाऱ्यांचे मोठे केंद्र आहे. पॉलिस्टरचे क्रीडावस्त्र, संघाची नावे, लेप दिलेले कप, ओळखपत्रांचे फीत, अशी कामे त्याच यंत्रावर होऊ शकतात. कव्हरांची मागणी मंदावली, तर प्रेस रिकामी राहत नाही. मात्र येथे एक चूक हमखास होते. सोलापुरी चादर आणि टॉवेल सुती असतात, आणि सब्लिमेशनचा रंग शुद्ध सुतावर टिकत नाही. एकदोन धुण्यांत तो उडून जातो. टॉवेलवर नाव छापून देण्याचे वचन देण्यापूर्वी कापडातील धाग्याची खात्री करावी.

खरेदीपूर्वीची कसोटी

यंत्र पाहायला जाताना आपल्याच दुकानातील पाच कव्हरे आणि पाच चित्रे घेऊन जावीत. त्यांत एक मऊ पारदर्शक, एक काळे, एक किंचित वळणदार कडांचे असावे. विक्रेत्याच्या नमुन्यांवर विसंबू नये. ते सर्वोत्तम परिस्थितीत छापलेले असतात. छापून आणलेल्या कव्हरवर एक दिवसानंतर ब्लेडने बारीक उभ्या-आडव्या रेघा ओढाव्यात, त्यांवर चिकटपट्टी दाबून लावावी आणि झटक्याने काढावी. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन निघून आले, तर ती छपाई ग्राहकाच्या हाती देण्याजोगी नाही. दुसऱ्या कव्हरवर सॅनिटायझरने भिजवलेला कापूस घासून पाहावा. उरलेले तीन मोबाईलवर चढवून घरच्या माणसांनी महिनाभर वापरावेत.

त्यानंतर काही प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. प्रिंट हेड वॉरंटीत येते का? दुरुस्ती करणारा माणूस सोलापुरात आहे, की पुण्याहून किंवा हैदराबादहून येईल, आणि किती दिवसांत? शाई त्याच विक्रेत्याकडून घेण्याची सक्ती आहे का? शिकवण्याचे किती दिवस किमतीत धरले आहेत? जुने यंत्र घेत असल्यास हेडची चाचणी छापून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चाचणीतील तुटलेली प्रत्येक रेघ बुजलेले एक छिद्र दाखवते.

भांडवलासाठी घराची राखीव पुंजी मोडण्याखेरीजही मार्ग आहेत. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटाखाली 50,000 रुपयांपर्यंत आणि किशोर गटाखाली 5 लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. जीएसटीची नियमित नोंदणी असेल, तर यंत्रावर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत ती मिळत नाही. हा फरक मोठ्या यंत्राच्या बाबतीत काही हजारांचा होतो, म्हणून खरेदीपूर्वीच कर सल्लागाराशी बोलावे.

आता त्या नमुन्यादाखल कुटुंबाकडे पुन्हा वळावे. त्यांच्यासाठी सुज्ञ क्रम असा ठरेल. पहिले तीन महिने यंत्र घेऊच नये. सुनेने आरेखने करावीत, यूव्ही फिल्म बाहेरून छापून आणावी, दुकानातील कठीण कव्हरांवर ती लावून विकावी आणि एका वहीत रोजची मागणी, मॉडेल, परत आलेले नग आणि नाकारावी लागलेली कामे लिहावीत. वहीत दिवसाला चार-पाच कव्हरे दिसली आणि गणवेशवाल्यांकडूनही विचारणा होऊ लागली, तर हीट प्रेसचा संच घ्यावा. मागणी दिवसाला 30-40 च्या घरात सातत्याने राहिली, आणि तीही मुख्यतः काळ्या व पारदर्शक कव्हरांची असली, तरच यूव्ही यंत्राचा विचार करावा. तोवर त्याचा हप्ता भरण्याइतका नफा वहीतच दिसू लागलेला असेल.

या क्रमात सुनेचे कौशल्य पहिल्या दिवसापासून कामी येते, मुलाला ग्राहकाची नाडी कळते आणि धाकट्या लेकीच्या शिक्षणासाठी राखलेले चार लाख रुपये जागच्या जागी राहतात. विक्रेत्याची आजची सवलत कदाचित हातची जाईल. परंतु अशी सवलत पुढच्या दिवाळीलाही निघते. मुलीच्या प्रवेशाची तारीख मात्र पुढे ढकलता येत नाही.